सुगंधाताईने सांगितलं होतं

नवरा म्हणतो, माझ्या पोटात काही राहत नाही. हे मात्र राहिलं — त्याच्यापासूनही. आज सांगून टाकणार आहे, आणि मध्येच डोळे पुसायला थांबणार नाही. तेवढा हक्क मला नाही.

नव्वदच्या पुढची वर्षं. नवीन पनवेलला आमच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये मी पाळणाघर चालवायचे. मुलं सांभाळायला सुगंधाताई आली — खाडीकडच्या गावातली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. आत पाऊल टाकायच्या आधी दारातच म्हणाली, "बाई, आदीच सांगते. हातभट्टीच्या केसमदी मी तीन म्हयने जेलात व्हते. मंग म्हनू नका, सांगितलं नाय."

तिचा रोखठोकपणा मला आवडला. ठेवून घेतलं. वर शहाणपणाने बजावलं, हे बाहेर बोलू नका, पालक बिचकतात. कुणाची सोय बघत होते मी? तिची? छे — मुलं कमी झाली असती माझ्याकडची.

दोनेक वर्षं मुलं तिच्या मांडीवर झोपली. मग एका मुलाच्या वडिलांना पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाकडून कळलं. संध्याकाळी सगळे पालक माझ्या हॉलमध्ये. पोलिसांत चौकशी न करता बाई ठेवलीच कशी? मी घाबरले. तिने मला फसवलं, असं मीच म्हणाले.

सुगंधाताई स्वयंपाकघरात कुणाला तरी वरणभात भरवत होती. हात धुऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाईंना नवतं मायीत," म्हणाली. "मीच नाय सांगितलं." आणि चपला घालून निघून गेली.

मी तिला जाऊ दिलं. आणि चोर तो चोर, वर शिरजोर — दुसऱ्या दिवशी नियमच केला की यापुढे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणल्याशिवाय कुणाला ठेवायचं नाही. पालकांनी कौतुक केलं. ते मी ऐकून घेतलं.

इथवरचं भित्रेपणात खपून जाईल, नाही? पण मला सांगायचंय ते हे नाही. ते पुढे आहे.

महिन्याभराने खांदा कॉलनीतल्या एक बाई आल्या. त्या पाळणाघर सुरू करणार होत्या, सुगंधाताईला घ्यायचं मनात होतं. जेलचं तिने आपणहून सांगितलं होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. फक्त पालकांकडून ऐकलेलं खुपत होतं. तिला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली — बाईंनाच विचारा. म्हणून विचारायला आल्या होत्या, ती तुमच्याशी खोटं बोलली होती का?

हॉलमध्ये आम्ही दोघीच. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. त्या तर चांगलं ऐकायच्याच आशेने आलेल्या दिसत होत्या. मग कशाला भ्यायले? की भ्यायलेच नव्हते — नुसतं माझं नाव जपत होते?

मी हो म्हणाले. चहात साखर किती घालू, तेही विचारलं.

सुगंधाताईला ते काम मिळालं नाही.