कोपऱ्यातल्या दोन ओळींसकट

माझ्या लग्नाचा बायोडेटा मीच बनवला. आमच्या समाजाच्या ग्रुपवर बायोडेटा फोटो करूनच टाकायचा असतो. फाइल टाकली तर कोणी उघडत नाही, अन् फोटो टाकला की रायपूरपासून नागपूरपर्यंतच्या सगळ्या मावश्या तासाभरात बघून मोकळ्या. म्हणून मी पान पडद्यावर मोठं केलं, स्क्रीनशॉट घेतला आणि बाबांना दिला. बाबांनी तो ग्रुपवर टाकला.

इथं रायपूरला आमच्या गुढियारी मोहल्ल्यातल्या कितीतरी पोरींचे बायोडेटे मी असेच करून दिलेत. त्यांच्या वेळी खालचा कोपरा न विसरता कापला. स्वतःच्या वेळी मेलं सगळं लक्ष फोटोत नाक कसं दिसतं याकडे! उंची, शिक्षण, बीरगांवच्या कारखान्यातली नोकरी, मामेकूळ, सगळं नीट होतं. अन् उजव्या कोपऱ्यात, बाबांच्या मोबाइल नंबरावर पसरलेल्या त्या दोन फिक्या ओळी: सिस्टिम ॲक्टिव्हेट करा, त्यासाठी सेटिंगमध्ये जा.

चार वर्षं त्या ओळी माझ्यासमोर आहेत. भिंतीवरच्या पालीसारख्या. असतात, कोण बघतं? कंप्युटर मी जुने पार्ट गोळा करून स्वतः पेचकसानं स्क्रू आवळत जोडलाय. सिस्टिम कंपनीच्याच साइटवरून उतरवली, फक्त लायसनची चावी विकत घेऊन कधी घातली नाही, म्हणून त्या ओळी. सिस्टिम म्हणते, वॉलपेपर बदलू देणार नाही. नको देऊ! फोटोवर राइट क्लिक करून लावला की मुकाट्यानं लागतो. मी बाबांचा लावलाय, रेल्वेतून रिटायर झाले त्या दिवशीचा, गळ्यात हार घातलेला.

नागपूरच्या एका घरानं बायोडेटा पसंत केला. रविवारी पाहुणे येणार होते. बाबांनी समोरच्या खोलीला रंग दिला, सोफ्याला नवीन कव्हर आणलं, त्यावर आम्हाला बसूही देत नव्हते. शुक्रवारी मुलाच्या काकांचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"भाऊ, पोरगी चांगली आहे. पण त्या बायोडेट्यावर कोपऱ्यात काय लिहून आहे? आमचा पुतण्या कंप्युटरच्याच लाइनीत आहे. तो म्हणते, हे फुकटे लोक असतात. आता ज्या घरचा कंप्युटरच असा, तिथं बाकीचं काय समजायचं?"

बाबा चक्क उभे राहिले. "माफ करा जी, चूक झाली. पोट्टीले समजलं नाही. आत्ताच दुसरा पाठवतो."

पोट्टीले समजलं नाही! माझं डोकंच सटकलं. मी फोन ओढून घेतला.

"काका, पोट्टीले सगळं समजते. लायसन घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं, मान्य आहे. पण त्याच्यावरून आमचं घर नका मोजू. याच कंप्युटरवर मी बाबांची अडकलेली पेन्शन सोडवली. आमच्या पाऱ्यातल्या, या मोहल्ल्यातल्या बायांचे राशनचे फॉर्म याच्यावरच भरते, अन् कोणाचा चहासुद्धा घेत नाही. तुमच्या पुतण्याले कोपराच दिसला काय? वरचं पानभर काहीच नाही दिसलं?"

"पोरगी लईच बोलून राहिली भाऊ," ते म्हणाले. "रविवारचं राहू द्या."

फोन ठेवला त्यांनी.

"झालं समाधान?" बाबा ओरडले. "जुळत आलेलं मोडलं तू! दोन शब्द गिळले असते तर काय बिघडलं असतं वं?"

"आज दोन गिळले, की मग जलमभर गिळत राहू काय?" मी पण ओरडले. अन् रडले, खोटं काहून सांगू? त्या मुलासाठी नाही. बाबा फोनवर उभे राहिले, त्याच्यासाठी.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "चल, ते अक्षरं काप. दुसऱ्या कोणाले तरी दाखवू."

मी कंप्युटर लावला. बाबा बाजूला खुर्ची घेऊन बसले. पडद्यावर ते स्वतःच होते, हार घातलेले, अन् त्या दोन ओळी बरोबर त्यांच्या बुटांवर आलेल्या. बाबा बघत राहिले.

"माह्या पेन्शनचे सगळे अर्ज यातच आहेत काय?"

"हव."

"किती केले होते तू?"

"मोजले नाहीत."

मी बायोडेटा उघडला अन् कोपरा कापायला माउस नेला. बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे. अपेक्षेच्या खाली एक ओळ टाक."

"काय टाकू?"

"लिही, पोरगी तोंडावर बोलते. चालत असेल तरच या."

मी लिहिलं. बाबांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं, स्क्रीनशॉट फोनवर मागून घेतला, आणि त्या दोन ओळींसकट स्वतःच्या अंगठ्यानं ग्रुपवर टाकला. मग समोरच्या खोलीत जाऊन सोफ्याच्या नव्या कव्हरवर मांडी घालून बसले.