बर्फात ठेवायची नळी

रक्त काढता काढता इद्रिसची एकतीस वर्षं गेली होती. अक्कलकुव्यात त्याची एका खोलीची लॅब होती. पण खापरच्या बाजाराच्या दिवशी तो तिथल्या डॉक्टर अजितच्या दवाखान्यात बसायचा. डोंगरातली माणसं आठवड्यातून त्याच दिवशी खाली उतरत, म्हणून सगळ्यांचं रक्त एका सकाळीच काढावं लागे. नळ्या लाकडी स्टँडमध्ये उभ्या करायच्या आणि बाजार उठला की अक्कलकुव्याला नेऊन मशीनवर फिरवून रक्तपेशी वेगळ्या करायच्या, ही त्याची ठरलेली रीत.

त्या रीतीनेच घात केला.

बाज्या बेचाळीस वर्षांचा. त्याचे दोन्ही भाऊ चाळिशीतच छातीत कळ येऊन गेले, म्हणून डॉक्टरांनी त्याला होमोसिस्टीनची तपासणी लिहून दिली. रक्तवाहिनीला आतून गुळगुळीत अस्तर असतं. रक्तातला हा आकडा चढला की त्या अस्तराला इजा होत असल्याचा संशय घ्यायचा आणि हृदयाला धोका धरायचा. वर्षातून एखाद्या वेळी येणारी तपासणी. नमुना सुरतच्या लॅबला गेला. पुढच्या बाजारी रिपोर्ट आला: चौतीस. हवा पंधराच्या आत.

"यंदा ऊसतोड बंद," डॉक्टर म्हणाले. "आधी सुरतेला जाऊन हृदय तपासून घे."

 बाज्याची बायको भुरीबाई म्हणाली, "मंग मन्हं काय?"

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. नवरा घरी राहिला की कोयता मोडला. एकट्या बाईला मुकादम नेत नाही. ट्रक पाच दिवसांनी बारडोलीकडे सुटणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाता खाता इद्रिसने रिपोर्टची प्रत फाइलला लावायला घेतली आणि तळाची बारीक ओळ वाचली. नमुना लगेच बर्फात ठेवावा, तासाभरात फिरवावा, नाहीतर आकडा खोटा वाढतो. बाज्याची नळी तर बाजारभर स्टँडमध्ये उभी होती. सात तास. अशी ओळ आपण पूर्वी वाचली होती, हेही त्याला आठवलं.

त्याने बायकोला फोन लावून सांगितलं. शहाबानो म्हणाली, "अब रहने दो. कौन पूछने वाला है?"

"वही तो," इद्रिस म्हणाला आणि अर्धा डबा बंद केला.

पुढच्या बाजाराची वाट पाहावी तर ट्रक गेलेला असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे मासळीवाल्याकडून थर्मासभर बर्फ घेऊन तो डोंगर चढला. फटफटी बाज्याच्या पाड्याच्या खालीच थांबली, पुढे पायी. 

"काही खादं का?" त्याने बाज्याला विचारलं.

"चूल आते पेटी ऱ्हायनी. तंबाखू शे तोंडमा."

"थुक ती. रगत परत लेनं पडी."

"पहिलं इकी टाकं का, चाचा?"

"मन्हा हातथीन नासनं. मन्ही चूक शे."

भुरीबाईने कपाळाला हात लावला. "इतला वरीसमा मन्हा नवराच सापडना का तुमले?"

 इद्रिसने बाज्याचं रक्त काढलं, नळी बर्फात खोचली आणि तासाभरात मशीन गाठायला तसाच उतरला.

ट्रक सुटायच्या आदल्या दिवशी आकडा आला: बावीस. डॉक्टरांनी बाज्याला बोलावून ईसीजी काढला, तो ठीक निघाला. "जा ऊसतोडीला," ते म्हणाले. "व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज, तंबाखू बंद. परत आलास की पुन्हा रक्त."

गोळ्या द्यायला इद्रिस ट्रकपाशी गेला. वर माणसं, भांडी, कोंबड्या अशी दाटी झाली होती.

"मंग बरा शे ना हाऊ?" भुरीबाईने विचारलं.

हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण आता एका आकड्यावरून कुणाला बरा किंवा आजारी म्हणायला तो धजत नव्हता.

"पुरा बरा नही. चौतीस खोटा होता, बावीस खरा शे. छाती दाबी ऱ्हायनी तर कोयता खाले ठेवाना. मुकादमले इचारानं नही."

"मी दखसू," ती म्हणाली.

तिने दोन्ही कोयते वर फेकले, चाकावर पाय देऊन चढली आणि बाज्याला हात दिला. त्याने तो धरला आणि सावकाश, एकेक पाय टाकत, तो वर गेला.