कंप्रेसरचं पंक्चर

आधीच सांगून ठेवते, चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. ठसका लागेल!

पडेगावला रस्त्यालगत आमचं पंक्चरचं दुकान. आमचे हे दोन दिवसांसाठी पैठणला गेले आणि जाताना पहिल्यांदाच दुकान एकट्या माझ्या हाती दिलं. "कंप्रेसर नवाय. जप त्याला," एवढंच म्हणाले.

जपलं हो! जिवापाड जपलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली, मोटर थांबली. हवा वापरली की ती परत सुरू व्हायला पाहिजे ना? तर नुसतं "घूंऽऽ" आणि खटॅक! दुकानाच्या एमसीबीचा खटका खाली, वीज गुल. वर केला. घूंऽऽ, खटॅक! जळली का काय मोटर? आता ह्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

म्हटलं, लोड जास्त होत असेल. पंखा बंद केला. मागच्या घरातला फ्रिज बंद केला. सासूबाईंचा टीव्हीही बंद केला.

"अगं, आता देवापुढची समईबी विझवतीस का?" त्या ओरडल्या.

खरं सांगू? क्षणभर मी समईकडं बघितलंही!

शेवटी सलीमभाई इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यांनी मीटर लावून बघितलं. "भाभी, वायर ठीक है, एमसीबी ठीक है. मोटरच लई करंट खेंच रही. नक्को चालू करो, जल जाएगी!"

तेवढ्यात ह्यांचा फोन. "सगळं ठीकाय ना?"

"व्हय! लई छान चाललंय!" घामानं मोबाइल हातातून निसटत होता.

सलीमभाई कंप्रेसरपाशी उकिडवे बसले. "भाभी, मोटर थांबली की फुस्स आवाज येतो का?"

"छे! ती गळती मी कालच बंद केली," मी अभिमानानं म्हटलं. "कंप्रेसरच्या स्विचखालच्या भोकाला पॅच मारला. वरून ट्यूबची पट्टी आवळली."

सलीमभाई तिथल्या टायरवर मटकन बसले. "या अल्ला! अहो, ते भोक कंपनीनंच दिलंय. मोटर थांबल्यावर पाइपात अडकलेली हवा तिथून सुटते. तुम्ही ती कोंडली! आता तेवढ्या हवेला ढकलत मोटर उठंल कशी?"

पट्टी सुटली, पण पॅच? निघता निघेना. सलीमभाई पेचकसानं खरवडून दमले. शेवटी एकदाचं फुस्स झालं आणि माझाही श्वास सुटला.

गिऱ्हाइकाच्या ट्यूबवर मी लावलेला एकही पॅच आजवर पडेगावच्या बाहेर पोचलेला नाही. आयुष्यात एकच पक्का लागला, तो नेमका तिथं!