मी दाराबाहेरच थांबलो

शहापूरला आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझी एकच ख्याती होती : मी वेळेवर येतो. आठवडाभर नोकरी, आणि रविवारी भक्ती उरकली की मोटारसायकल काढून मुरबाडकडच्या गावांत घरभेटी. रक्तदाब वाढला, पोरीने माझ्याशी बोलणं सोडलं, तरी सुवार्ता सांगायला मी आपला पुढे. बायको म्हणायची, "अवो, कधीतरी आपल्या घराला पण भेट द्या की!" मी हसायचो.

मागच्या सीटवर सोबती ठरलेला. सहा वर्षं त्याचे गुडघे माझ्या पाठीला. प्रार्थना अशी करायचा की म्हाताऱ्या रडत. त्याला घ्यायला मी सापगावला त्याच्या दाराशी थांबायचो. आत कधी गेलो नाही. वेळ कुठे होता?

एका रविवारी आतून धप्प आवाज आला, भाताचं पोतं टाकल्यासारखा. मग त्याच्या बायकोचा आवाज, "डोक्यात नको, डोक्यात नको." दाराच्या फटीतून दिसलं : तिचे केस मनगटाला गुंडाळून तो तिचं तोंड चौकटीवर आपटत होता. तोंडातून शब्द नाही. खिळा ठोकावा तसा.

मी काय केलं? हॉर्न वाजवला. दोनदा.

तो बाहेर आला, नळावर हात धुतले, भांग पाडला. "चल रे, टाइम झाला." मी किक मारली. त्या दुपारी एका पडवीत तो क्षमेवर बोलला. त्याच्या बाहीवर रक्ताचा ठिपका होता. मी खुणेने दाखवला, पुसून घे म्हणून. एवढा मी कामाचा माणूस.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने ताट सरकवलं. "ती मेल्यावर आत जाणार काय तुमी? तवा पण टाइमवर जाल."

पुढच्या रविवारी भक्ती सोडून आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडे गेलो. आत तेच चाललं होतं. मी दाराला खांदा दिला. दार हललं नाही, खांदा मात्र निखळायला आला. बायको तोवर मागच्या दाराने आत शिरून कडी काढत होती.

ती चुलीपाशी पोटाशी पाय घेऊन पडली होती. तो कपडे धुवायच्या धोपाटण्याने तिला बडवत होता. मी त्याचा हात धरला.

"तुला काय करायचं रे? माझ्या घरातला मामला हाय!"

धोपाटणं माझ्या तोंडावर बसलं. दोन दात जिभेवर आले. मी कोसळलो तो नेमका त्याच्यावर. माझं वजन पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं. तो खालून चावत होता, गुडघे मारत होता. बायकोने तिला ओढत बाहेर काढलं.

दवाखान्यातून तिला आमच्या घरी आणलं. जबडा बांधलेला. मंडळीचे पाळक येऊन गेले. म्हणाले, मंडळीतल्या मंडळीत मिटवू या.

तिसऱ्या दिवशी तो आला. खिडकीची काच फुटली, दगड पोरीच्या ताटात पडला. दारावर लाथा बसू लागल्या. मी सवयीने म्हणालो, "मी त्याच्याशी जरा बोलून बघतो."

"भाऊजी, तुमी बसा," ती बांधलेल्या जबड्यातून म्हणाली. माझा फोन ओढून घेतला, पोलीस ठाण्याला लावला आणि दारावरच्या लाथांवर आवाज चढवून आपलं पूर्ण नाव सांगितलं.

सहा वर्षांत ते मी पहिल्यांदा ऐकलं.