चौदावा तास

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. थोरला भाऊ शिक्रापूरला कारखान्यात आहे. त्यानं आधीच बजावलं होतं, "एक वर्ष जरी गेलं तर माझ्यासंगं कामाला यायचं. मंग न्हाई म्हणायचं न्हाई." मी व्हय म्हणालो होतो.

शेवटच्या वर्षी सरांनी माझा प्रकल्प नापास केला. प्रकल्प नापास म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. तो केडगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांवर होता आणि मराठीत होता, म्हणून नापास. मराठीत चालेल, असं सरांनीच ऑनलाइन तासाला सांगितलं होतं. आता दौंडच्या वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "मी असं कधीच बोललो नाही. मेंढरांमागं हिंडून कान गेले वाटतं तुझे."

वर्ग हसला. आम्ही कळप विकून शेतीला लागलो त्याला किती वर्षं झाली, ते सांगावंसं वाटलं. 

वरवंडला घरी येऊन कॉलेजच्या साइटवर रेकॉर्ड केलेले तास काढले. कळप होता तेव्हा माझे वडील संध्याकाळी मेंढरं मोजायचे नाहीत. कोणतं आलं नाही, ते बघायचे. मीही यादी तशीच बघितली. तेरावा तास होता, पंधरावा होता. चौदावा नव्हता.

तोवर मी मनात सरांची बाजू घेत होतो. विसरले असतील, एवढे वर्ग असतात त्यांना. पण यादीतून तास आपोआप कसा जाईल?

त्याच पानावर वर शोधायची चौकट असते. शब्द टाकला की तो कुठल्या तासाला, कितव्या मिनिटाला बोलला गेला ते दिसतं. मी 'मराठी' टाकलं. बरीच ठिकाणं आली. एकेक ऐकत गेलो. सातव्या ठिकाणी चौदावा तास निघाला. यादीतून काढला तरी शोधात राहिलाच होता. दाबल्यावर सरांचा आवाज आला. मी हसलो. चांगलं हसू नव्हतं ते.

विभागप्रमुखांकडे जाता आलं असतं. सरांना एकट्याला गाठता आलं असतं. पण मला हसला होता तो वर्गच मला हवा होता. 

"सर, तुम्ही बोलला होता," पुढच्या तासाला मी उभा राहून म्हणालो. 

"अस्सं? मग लाव की प्रोजेक्टरला!" सर निर्धास्त होते.

मी लावलं. "मराठीत लिहा, बिनधास्त लिहा, मार्क कापणार नाही." भिंतीवर सर हसत होते. मी पुन्हा लावलं.

"कळलं. बंद कर."

"सर, मागच्या बाकांना ऐकू गेलं नसंल." तिसऱ्यांदा लावलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं! अजून येकदा लाव!"

चौथ्यांदाही लावलं.

सरांनी त्याच दुपारी प्रकल्प पास करून सही केली. कागद देताना हळूच म्हणाले, "एवढं करायची गरज होती का रे? माझ्याकडं यायचं होतंस."

"गरज एकदाचीच होती, सर," मी म्हणालो. "बाकीच्या तीन वेळा मला हव्या होत्या."