टाकीमागचा चढ आणि खोक्यातला डोंगर

आमच्या वहिनीच्या रागाला घरात सगळे टरकून असतात. मी नणंद असून तिच्याच बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. ती शाळेत खेळ शिकवते आणि मुलींचा सायकलिंगचा संघ चालवते. पहाटे पाण्याच्या टाकीमागच्या चढाखाली उभी असते, गळ्यात शिट्टी, पायात माझ्या भावाचे जुने बूट. मुली वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. रडणारीला ती म्हणते, "रड हवं तेवढं, पण पाय थांबवू नकोस."

संघात चणीने लहान अशी एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत, पण चढावर तिला कुणी गाठू शकत नसे. राज्याच्या संघात ती जाणार, हे वहिनीने मनात पक्कं धरलं होतं.

मग एका कंपनीचा माणूस सरावाचे मास्क घेऊन आला. नाकातोंडावर घट्ट बसणारा, श्वास अडवणारा. खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. म्हणे, हा लावून सराव केला की उंचावरच्या विरळ हवेचा फायदा घरबसल्या मिळतो. फुकट मिळतायत म्हणून वहिनीने मुलींना वापरू दिले. नेमका त्याच सुमारास तिने चढाचा सराव दुप्पट केला होता. दीड महिन्यात मुलींचा वेग वाढला आणि कंपनीने मास्क लावलेल्या चिमणीचा फोटो खोक्यावर छापून खाली लिहिलं, 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध'. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. वर कावळ्याने बक्षीसही मागितलं.

लेकीचा फोटो चिमणीच्या वडिलांच्या डोक्यात गेला. त्यांनी मास्क लावून घरातच सराव व्हावा म्हणून जागच्या जागी चालवायची सायकल आणली आणि मुलीला चढावर पाठवणं बंद केलं. वहिनी त्यांच्याकडे गेली तेव्हा मी सोबत होते.

"मास्कने श्वास अडतो, हवा विरळ होत नाही," वहिनी म्हणाली. "नाक दाबून धरलं म्हणून कुणी डोंगरावर पोचतं का?"

"बाई, ते सिद्ध झालंय. तसं छापलंय," वडील म्हणाले. "तुमच्या चढाचं कुठे काय छापलंय?"

घरी येताच तिने कंपनीच्या माणसाला फोन लावला. कुठला अभ्यास केलात, तो दाखवा.

"असं काय करता मॅडम, तुमच्याच मुलींवर तर केला."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याही. घाम मुलींचा, शिट्टी हिची, आणि सिद्ध काय झालं, तर मास्क. आयत्या बिळावर नागोबा.

"मग नीट करा," ती म्हणाली. "अर्ध्या मुलींना मास्क द्या, अर्ध्यांना नको. चढ सगळ्यांना सारखा. मग बघू."

"पण अर्ध्यांना न देणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय नाही का?" तो हे अगदी गंभीरपणे म्हणाला.

शेवटी वहिनीनेच केलं. चिठ्ठ्या टाकून मुलींचे दोन गट केले आणि काही आठवडे सराव घेतला. चाचणीच्या दिवशी सगळ्याच बिनमास्कच्या, आणि वेळ घ्यायला चढाच्या माथ्यावर मी. कुणी मास्क वापरला होता ते मला सांगितलंच नाही.

"माझ्यावर भरवसा नाही का?" मी फणकारले.

"तुझा माझ्यावर जीव आहे. घड्याळ दाबताना बोट माझ्या बाजूला झुकेल."

दोन्हीकडच्या मुली सारख्याच सुधारल्या होत्या. "एवढ्याशा मुलींवरून मीही काही सिद्ध केलं म्हणणार नाही," वहिनी म्हणाली. "पण त्या मेल्यांनी एवढंही केलं नाही."

हे चिमणीच्या वडिलांना सांगितलं, तर ते हसले. "असू दे हो. वापरून नुकसान तर नाही ना?"

नुकसान आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पायडल मारत होतं.

निवडचाचणीचा शेवटचा टप्पा चढाचा होता. ज्या मुली चिमणीची पाठ बघत वाढल्या, त्या एकेक करून तिच्या पुढे गेल्या. उतरल्यावर ती वहिनीजवळ आली. "बाई, मी एक दिवससुद्धा चुकवला नाही," म्हणाली. खरंच होतं ते. कष्टात पोर कुठे कमी पडली नव्हती.

वडिलांनी तिथूनच कंपनीच्या माणसाला जाब विचारला. तो फोनवर म्हणाला, "मास्क काय करणार? मुलीतच दम कमी असेल." चिमणी शेजारीच उभी होती. म्हणजे जिंकली की मास्कमुळे, हरली की स्वतःमुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी, आणि या संन्याशाने ती मुकाट्याने मान्यही केली. तिची सायकल माळ्यावर गेली. वहिनी बोलवायला गेली, तर दाराआडून एवढंच ऐकू आलं, "नको बाई, माझ्यातच नाहीये ते."

परवा दुकानात नवं खोकं दिसलं. 'वापरणाऱ्या दहांपैकी नऊ मुलींची प्रगती.' वहिनीने तिथेच उभं राहून फोन लावला.

"आमची चिमणी कुठे धरलीत? नवात, की उरलेल्या एकात?"

"कुठेच नाही, मॅडम. मध्येच सोडून गेलेल्यांना आम्ही मोजत नाही."

खोक्यावर फोटो मात्र अजून तिचाच आहे.