चाळीवरचा हिरवा रंग

माझं काम ट्रेसरचं. अंबरनाथच्या ऑफिसात एका लांब टेबलाशी बसून मी नकाशे रंगवायचे. उल्हासनगरपासून बदलापूरच्या पुढपर्यंत पुढच्या वीस वर्षांत कुठं काय असावं, याचा आराखडा आम्ही करत होतो. ऐकायला केवढं मोठं वाटतं! प्रत्यक्षात आधी दारोदार फिरून आज कुठं काय आहे ते लिहून आणायचं, मग घर असेल तर पिवळा, दुकान असेल तर निळा, कारखाना असेल तर जांभळा, असे रंग भरत बसायचं. माणसं कमी, म्हणून मलाही फिरायला धाडत. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये खाली जीन्स शिवायच्या मशिनी आणि वर संसार. अशा घराला कुठला रंग द्यावा म्हणून मी रस्त्यात घुटमळले की एखादा सिंधी शेठ हसायचा, "मॅडम, आधा-आधा कर दो ना."

राहायला मी बदलापूरला, पूर्वेला, पत्र्याच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत. माहेर साताऱ्याकडचं. लग्न काही झालं नाही, आणि आई गेल्यावर भावाकडं मी चार दिवसांची पाहुणी. त्यामुळं स्टो, खाट आणि ती खोली, माझं म्हणावं असं एवढंच. चाळीत सगळेच नोकरीवाले. सकाळी निघताना आजूबाजूला कुलपं, संध्याकाळी परतल्यावरही बहुतेक कुलपंच. कुलपं सगळी ओळखीची झाली होती, माणसं नाहीत. भिंतीपलीकडं एक खोकला राहायचा, त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एकटं वाटायचं हो, फार वाटायचं. पण सांगणार कुणाला, कुलपांना?

ऑफिसात एक शिरस्ता होता. ज्याचं घर ज्या भागात, त्यानं त्या भागाची पाहणी करायची नाही. म्हणजे कुणी आपल्या सोयीनं रंग बदलायला नको. म्हणून बदलापूर गेलं माझ्या सहकाऱ्याकडं. भला माणूस, वांगणीहून यायचा. तो आमच्या चाळीवर गेला तो ऑफिसच्या वेळेत. सगळ्या दारांना कुलपं. पुन्हा गेला, पुन्हा कुलपं. मी त्याच चाळीत राहते हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणाला घरी बोलवावं हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणखी एकदा जायचं तर जीपमध्ये डिझेल नाही, कारण आराखड्याच्या निधीचा पुढचा हप्ता वरून आलाच नव्हता. साहेब स्मरणपत्रं पाठवून पाठवून थकले होते. शेवटी सहकाऱ्यानं लिहून टाकलं, 'बंद. गोदामं असावीत.'

हे मला कळलं प्रस्तावाची शीट समोर आली तेव्हा. खेळाच्या मैदानासाठी हिरवा रंग भरायचा होता आणि ब्रश टेकवायची जागा म्हणजे आमची चाळ. तशीच उठले आणि साहेबांपुढं शीट पसरली.

"साहेब, इथं मी राहते."

साहेबांनी चष्मा वर केला. "मग आपला माणूस आला तेव्हा तुम्ही घरी का नव्हता?"

"कॅम्प पाचमध्ये दुसऱ्यांची घरं मोजत होते. तुम्हीच पाठवलं होतं!"

साहेब ओशाळले, पण म्हणाले, "तुमच्या सांगण्यावर रंग बदलला तर लोक म्हणतील, बाईंनी आपली खोली वाचवली. निधी आला की फेरपाहणी करू."

"आणि नकाशा?"

"तो पुढच्या आठवड्यात मुंबईला जातोय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वीस वर्षांनंतर कुठं काय होणार ते सगळं माहीत यांना, फक्त मी आज कुठं झोपते ते माहीत नाही! सहकारी मागून दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बुधवारी मी लोकलनं येतो. पण प्रत्येक दारात माणूस पाहिजे हां. कुलूप असलं तर मी काय लिहिणार?"

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा शेजाऱ्यांची दारं वाजवली. जे आले नव्हते त्यांची वाट बघत पायरीवर बसले. भिंतीपलीकडचा खोकला निघाला एक वयस्क फिटर, एकटेच. "मला वाटायचं तुमच्या खोलीत कुणी राहतच नाही," ते म्हणाले. कुणी कुरकुरलं, रजा फुकट जाणार म्हणून. पण घरावर मैदान येतंय म्हटल्यावर सगळ्यांनी रजा टाकली.

चाळ वाचली, हे आधीच सांगून टाकते. मैदान ओढ्यापलीकडच्या पडीक जागेवर सरकलं आणि चाळीला पिवळा रंग मीच भरला. पण आठवतो तो बुधवार. सगळी दारं उघडी, कुणाकडं पोहे, कुणाकडं चहा, लग्नघरासारखी गडबड. सहकारी दारोदार विचारत आला, "कुटुंबात माणसं किती?" फिटरकाका म्हणाले, "एक." पुढच्या दारातले नवरा-बायको एकदमच म्हणाले, "दोन." मग तो माझ्या दाराशी आला आणि न विचारताच लिहू लागला.

"काय लिहिताय?"

"तुमचं माहितीये की, मॅडम."

"माहितीये? परवापर्यंत मी गोदाम होते! विचारा."

तो वरमला. पेन खाली करून नीट माझ्याकडं बघत त्यानं विचारलं, "ताई, कुटुंबात माणसं किती?"

"एक," मी म्हणाले. हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. सगळ्यांदेखत रडू आलं. फिटरकाकांनी आपल्या चहाची कपबशी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले, तर सगळ्या दारांना पुन्हा कुलपं. मीही माझं लावलं.